विद्युत्-विसर्जनाचे छायाचित्रण : यंत्र, चालक आणि अर्थ

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात असलेले सानगडी हे गाव तेथील जुन्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सभोवतालचा प्रदेश तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा. रोवणीच्या दिवसांत शेकडो स्त्री-पुरुष गुडघाभर चिखलात, उघड्या आकाशाखाली वाकून काम करीत असतात आणि नेमक्या त्याच काळात आकाशात विजा कडाडत असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ग्रामीण भागातील माणसाच्या दृष्टीने उच्च दाबाची वीज ही पाठ्यपुस्तकातील कल्पना नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या विजेने स्वतःचे चित्र उमटवावे, म्हणजे विद्युत्-विसर्जन हेच प्रकाशाचे उगमस्थान आणि तेच लेखणी व्हावे, अशा तंत्राचा इतिहास सुमारे अडीचशे वर्षांचा आहे. पाश्चात्त्य देशांत हे तंत्र १९७० नंतर 'किर्लियन छायाचित्रण' या नावाने गाजले आणि भारतात ते प्रामुख्याने 'तेजोवलयाचे छायाचित्र' म्हणून पोहोचले. त्यामुळे या विषयावरील लेखन बहुधा दोन टोकांना विभागलेले आढळते. एका टोकाला संपूर्ण श्रद्धा, दुसऱ्या टोकाला संपूर्ण उपहास. दोहोंतही एक बाब दुर्लक्षित राहते, ती म्हणजे यंत्र चालविणारा माणूस. चित्र कोणते उमटेल हे वस्तूइतकेच चालकाच्या कृतीवर अवलंबून असते. ज्यांनी ही कृती नियमांनी बांधून घेतली त्यांच्या हाती मापनाचे साधन आले आणि ज्यांनी ती मोकळी सोडली त्यांच्या हाती चमत्कार आला, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

राळेवरील धूळ

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात होतो. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग (१७४२-१७९९) यांनी राळेची मोठी तबकडी असलेले विद्युत्-जनक उपकरण तयार करविले होते. १७७७ मध्ये, तबकडी घासून गुळगुळीत करताना उडालेली राळेची बारीक धूळ तिच्यावर बसली असता, ती सर्वत्र सारखी न पसरता ताऱ्यांच्या आणि फांद्यांच्या आकारात जमल्याचे त्यांना दिसले. जेथे विद्युत्-विसर्जन झाले होते, तेथे प्रभार निरोधक पृष्ठभागावर पसरून अडकून राहिला होता. धुळीने फक्त त्याचा मार्ग दृश्य केला.

लिख्टेनबर्ग केवळ नवलाने थांबले नाहीत. धन प्रभाराच्या आकृतीला लांब, फुटत जाणाऱ्या शाखा असतात, तर ऋण प्रभाराची आकृती लहान व गोलसर असते, हा भेद त्यांनी पाहिला. चिकट कागद दाबून धुळीची आकृती उचलून घेण्याची युक्तीही त्यांचीच. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून ध्वनीच्या आकृत्या दाखविणारे क्लाड्नी यांना प्रेरणा लिख्टेनबर्ग यांच्या आकृत्यांतूनच मिळाली होती. प्रभारित पृष्ठभाग, त्यावर भुकटी आणि मग कागदावर ठसा हा क्रम आजच्या वाचकास ओळखीचा वाटेल. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून पहिली झेरॉक्स प्रत काढली, तिचे तत्त्व याच कुळातले होय. महाविद्यालयाच्या कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानात रोज घडणारी क्रिया ग्योटिंगेनच्या राळेपर्यंत मागे नेता येते.

प्रकाशपट्टिकेचा प्रवेश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन साधने एकत्र आली. एक, रुमकॉर्फ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले प्रवर्तन वेटोळे, ज्यातून बॅटरीच्या साहाय्याने हजारो व्होल्टचा दाब मिळू लागला. दुसरे, कोरडी प्रकाशसंवेदी पट्टिका. १८८२ मध्ये विल्यम जेनिंग्ज यांनी फिलाडेल्फियात आकाशातील विजेचे छायाचित्र घेतले. ते अशा आरंभीच्या छायाचित्रांपैकी महत्त्वाचे मानले जाते. तेथे कॅमेरा होता, भिंग होते. परंतु १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एत्येन त्रूव्हेलो यांनी भिंगच काढून टाकले. पट्टिकेवर थेट ठिणगी पाडून त्यांनी झाडाच्या मुळांसारख्या, समुद्रवनस्पतींसारख्या आकृत्या मिळविल्या. (हेच त्रूव्हेलो अमेरिकेत असताना त्यांच्या हातून निसटलेल्या पतंगांच्या जातीने पुढे तेथील जंगलांची अपरिमित हानी केली. इतिहासात त्यांचे नाव छायाचित्रांपेक्षा त्या किड्यामुळे अधिक वेळा येते.)

बेलारूसमधील याकोव्ह नार्केविच-योद्को (१८४८-१९०५) यांनी १८९० च्या दशकात माणसाचा हात, वनस्पतीची पाने, नाणी अशा वस्तू पट्टिकेवर ठेवून त्यांचे विसर्जन-चित्रण केले. त्याला त्यांनी 'विद्युत्-लेखन' या अर्थाचे नाव दिले. निरोगी व रोगी माणसाच्या चित्रांत फरक दिसतो, असा त्यांचा दावा होता. किर्लियन यांच्या चाळीसेक वर्षे आधी हा दावा मांडला गेला होता, हे विशेष.

त्या दशकाची मनोभूमी येथे समजून घेणे आवश्यक ठरते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. तोही उच्च दाबाच्या वेटोळ्याच्याच आधारे. हाताची हाडे जर पट्टिकेवर उमटू शकतात तर आत्मा का उमटू नये, असा प्रश्न सुशिक्षितांनाही पडू लागला. पॅरिसचे डॉक्टर इपोलित बाराद्यूक यांनी १८९६ मध्ये मानवी आत्म्याच्या प्रकाशाविषयी ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांच्या पट्टिकांवरील धूसर लाटांचे कारण मात्र गूढ नव्हते. हाताची ऊब आणि विकासक द्रावणाची हालचाल यांमुळे तसेच पट्टे उमटतात, असे आद्रिएन गेबार या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले. टीकाकाराने येथे तत्त्वचर्चा केली नाही. त्याने पट्टिका धुण्याची कृती तपासली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मापनाचे साधन

विसाव्या शतकाच्या आरंभी उच्च दाबाच्या वीजवाहिन्या उभ्या राहू लागल्या आणि तारेभोवती होणाऱ्या निळसर विसर्जनाचा, म्हणजे 'कोरोना'चा प्रश्न अभियंत्यांपुढे आला. त्यात वीज वाया जाते, ओझोन निर्माण होतो, निरोधके खराब होतात. एफ. डब्ल्यू. पीक यांनी १९११ मध्ये कोरोना कोणत्या दाबाला सुरू होईल याचे सूत्र मांडले. महाराष्ट्रात १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही दाराशी आलेला आहे. पावसाळी, दमट रात्री उच्चदाब मनोऱ्याखालून जाताना जो चरचर आवाज कानी पडतो, तो याच विसर्जनाचा होय.

विजेच्या कडकडाटाने वाहिनीवर क्षणभर किती दाब चढतो, हे मोजावयाचे कसे? वेस्टिंगहाउस कंपनीतील जे. एफ. पीटर्स यांनी १९२४ मध्ये यासाठी लिख्टेनबर्ग यांची जुनी आकृती वापरली. त्यांच्या 'क्लायडोनोग्राफ' या उपकरणात धातूचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये छायाचित्रणाची फिल्म ठेवलेली असे. वाहिनीवर दाबाची लाट आली की फिल्मवर आकृती उमटे. तिच्या व्यासावरून दाब किती हे कळे आणि तिच्या स्वरूपावरून प्रभार धन की ऋण हेही कळे. दीडशे वर्षांपूर्वी राळेवर दिसलेला धन-ऋण भेद येथे थेट उपयोगी पडला.

येथे आकृती दिसण्यास सुंदरच होती. परंतु तिचे सौंदर्य कोणी विचारात घेतले नाही. टोकाचा आकार ठरलेला, फिल्म ठरलेली, निरोधकाची जाडी ठरलेली. अगोदर ज्ञात दाब देऊन आकृत्यांचे कोष्टक तयार केलेले. मग अज्ञात दाबाची आकृती त्या कोष्टकाशी ताडून पाहावयाची. चालकाच्या हाताला यात स्वातंत्र्य जवळजवळ उरलेच नाही आणि म्हणूनच दोन वेगळ्या गावच्या दोन फिल्मांची तुलना शक्य झाली.

क्रास्नोदरचे दांपत्य

सेम्योन किर्लियन (१८९८-१९७८) हे दक्षिण रशियातील क्रास्नोदर येथील आर्मेनियन वंशाचे वीजतंत्री. वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती हा त्यांच्या कामाचा भाग होता. १९३९ मध्ये एका रुग्णालयात उच्च कंप्रतेच्या विद्युत्-उपचाराच्या वेळी काचेचे विद्युत् अग्र आणि रुग्णाची त्वचा यांच्यामध्ये लहानसा प्रकाश चमकलेला त्यांनी पाहिला. तो पट्टिकेवर घेता येईल का, असा विचार करून त्यांनी स्वतःच्याच हाताचे चित्र घेतले. पत्नी व्हालेन्तिना या शिक्षिका होत्या. पुढील सर्व काम दोघांनी मिळून, घरी केले. १९४९ मध्ये त्यांना शोधाबद्दल सोव्हिएत शासनाचे प्रमाणपत्र मिळाले आणि १९६१ मध्ये वैज्ञानिक छायाचित्रणाच्या रशियन नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

या दांपत्याविषयी लिहिताना सहानुभूती बाळगणे इतिहासकाराला उचित ठरते. विद्यापीठाची पदवी वा सुसज्ज प्रयोगशाळा हाताशी नसताना, फावल्या वेळात, त्यांनी उपकरणाच्या अनेक आवृत्त्या तयार केल्या. सपाट पट्टिकेसाठी वेगळी, वाकड्या पृष्ठभागासाठी वेगळी. विसर्जन चालू असताना डोळ्यांनी पाहता यावे यासाठीही त्यांनी जोडणी केली. त्यांचे निरीक्षण खरे होते, फक्त त्याचा अर्थ लावताना ते घसरले. पानाचे चित्र ताजे असता तेजस्वी आणि सुकत गेले असता मंद दिसते, यावरून ते प्राणशक्तीचे चित्र असावे असे त्यांना वाटले. ताज्या व सुकलेल्या पानांत सर्वांत मोठा फरक पाण्याचा असतो, हा साधा मुद्दा मागे पडला.

१९७० मध्ये शीला ऑस्ट्रँडर आणि लिन श्रोडर या दोन लेखिकांच्या पुस्तकामुळे 'पोलादी पडद्यामागील' हे तंत्र अमेरिकेत पोहोचले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात थेल्मा मॉस यांनी त्यावर प्रयोग केले. हळूहळू प्रत्येक बोटाच्या चित्राला भाव, रोग, प्रेम, राग अशी लेबले लागू लागली.

यंत्र चालविण्याची कृती

येथे थोडे थांबून उपकरण कसे चालते, ते पाहिले पाहिजे. कारण वादाचे सर्व धागे तेथेच गुंतलेले आहेत. अंधाऱ्या खोलीत धातूचा सपाट पत्रा ठेवतात आणि तो टेस्ला कॉइलसारख्या उच्च कंप्रतेच्या, उच्च दाबाच्या उगमाला जोडतात. किर्लियन यांच्या उपकरणात ही कंप्रता सेकंदास ७५ हजार ते २ लाख आवर्तने अशी सांगितली जाते. पत्र्यावर काच वा तत्सम निरोधक, त्यावर फिल्म आणि फिल्मवर वस्तू. वस्तू निर्जीव असल्यास ती भूमीला जोडतात. नंतर काही क्षण कळ दाबतात आणि फिल्म नेहमीप्रमाणे धुतात. भिंग नाही, झडप नाही. रूढ अर्थाने हा कॅमेराच नव्हे.

वस्तूच्या कडेलगत हवेचा पातळ थर असतो. साधारण हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट इतका ताण आला की हवेचे आयनीभवन होते. त्यातील नायट्रोजनचे रेणू निळा-जांभळा व जंबुपार प्रकाश सोडतात. हाच तो 'तेजाचा' काठ. हवा काढून घेतल्यास तो उरत नाही. तांब्याच्या नाण्याभोवतीही तो तितकाच देखणा उमटतो आणि नाण्याला ना मन ना प्राण.

रंगीत फिल्मवरील लाल व नारिंगी छटांचे कारण तर निव्वळ यांत्रिक आहे. रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा व लाल यांना प्रतिसाद देणारे थर एकावर एक असतात. विसर्जन फिल्मच्या पुढील बाजूस झाले तर निळा थर आधी प्रभावित होतो. फिल्म किंचित उचललेली राहून विसर्जन तिच्या पाठीमागे झाले तर प्रकाश उलट्या क्रमाने शिरतो आणि चित्र लालसर येते. अर्थात एखाद्याच्या बोटाभोवती 'क्रोधाचा' लाल रंग दिसला तर आधी फिल्म सपाट बसली होती का, हे विचारावे लागते.

१९७६ मध्ये पेहेक, कायलर आणि फाउस्ट यांनी अमेरिकेच्या 'सायन्स' या साप्ताहिकात या विषयावर सविस्तर प्रयोग प्रसिद्ध केले. सजीव वस्तूंच्या चित्रांतील बहुतांश फरक वस्तूवरील वा वस्तूतील ओलाव्यामुळे पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओलावा पट्टिकेवर उतरतो, तेथील प्रभाराची मांडणी बदलतो आणि चित्र बदलते. घामेजलेल्या बोटाचे चित्र कोरड्या बोटापेक्षा वेगळे येणारच. माणूस घाबरला तर त्याला घाम येतो, हेही खरे. म्हणून मनःस्थितीशी काही संबंध दिसला तरी तो घामाच्या वाटेने दिसतो, असे म्हणावे लागते. बोटाचा दाब, कळ दाबून ठेवण्याचा काळ, हवेची आर्द्रता, पत्र्याची स्वच्छता या सर्व गोष्टी चालकाच्या हातातल्या.

'अदृश्य पानाचा' प्रसिद्ध प्रयोगही याच कसोटीवर पाहावा. पानाचा तुकडा कापून टाकला तरी चित्रात पूर्ण पान दिसते, असा दावा होता. ज्या पृष्ठभागावर आधी संपूर्ण पान दाबलेले असेल, तेथे त्याचा ओलसर ठसा राहतो आणि तो विसर्जनाला वाट देतो. पृष्ठभाग पुसून घेतला की 'अदृश्य पान' निघून जाते. पुसण्याचे फडके हे या वादातील सर्वांत निर्णायक उपकरण ठरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाच्या संदर्भात एक इशारा देणे अगत्याचे आहे. उच्च कंप्रतेचा अल्प प्रवाह आणि घरगुती ५० हर्ट्झच्या रोहित्रातून मिळणारा उच्च दाब यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. मायक्रोवेव्ह भट्टीतील रोहित्र काढून लाकडावर लिख्टेनबर्ग आकृत्या जाळण्याच्या छंदात परदेशांत अनेकांचे प्राण गेले. अमेरिकेतील लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांतून या प्रकारावर बंदी घातली. चित्रफीत पाहून असा प्रयोग करू इच्छिणारा विद्यार्थी आपल्याही वर्गात असू शकतो. प्रयोगशाळेत नाण्याचे चित्रण पुरेसे आहे. विद्यार्थ्याचा हात त्यात कदापि येऊ नये.

प्रभावळ आणि तेजोवलय

भारतात या चित्रांचे स्वागत एका तयार भूमीवर झाले. देवाच्या मूर्तीमागील प्रभावळ मराठी घरातील लहान मुलासही ठाऊक असते. संतांच्या मस्तकाभोवतीचे वर्तुळ दिनदर्शिकेवर रोज दिसते. त्यातच आधुनिक काळात थिऑसॉफीची भर पडली. मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत त्यांच्या संस्थेचे कार्य मुंबईतूनच चालले. याच संस्थेतील लेडबीटर यांनी १९०२ मध्ये मानवी तेजोवलयाच्या रंगांचे अर्थ सांगणारा सचित्र ग्रंथ लिहिला. कोणत्या रंगाचा कोणता भाव, हे कोष्टक म्हणून किर्लियन चित्राच्या कित्येक दशके आधी छापून तयार होते. छायाचित्र आले आणि ते कोष्टक त्याला चिकटविले गेले.

क्लायडोनोग्राफच्या कोष्टकाशी याची तुलना केली म्हणजे भेद उघड होतो. तेथे ज्ञात दाबाच्या प्रयोगांतून कोष्टक निर्माण झाले, येथे कोष्टक आधी आणि प्रयोग नंतर. शिवाय प्रदर्शनांतून 'ऑरा' दाखविणारी नंतरची अनेक यंत्रे विद्युत्-विसर्जनाचे छायाचित्र घेतच नाहीत. तळहाताखालील संवेदकांनी त्वचेचा विद्युत्-रोध वगैरे मोजून, त्यानुसार ठरविलेले रंग ती चेहऱ्याच्या छायाचित्रावर चढवितात. किर्लियन यांच्या उपकरणाशी त्यांचे नाते केवळ नावापुरते आहे.

महाराष्ट्रात अशा दाव्यांची चिकित्सा करण्याची परंपरा विदर्भाच्या भूमीवरही रुजलेली आहे. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. मात्र यंत्राच्या रूपाने येणारा दावा मंत्राच्या रूपाने येणाऱ्या दाव्यापेक्षा ओळखण्यास कठीण असतो. त्याला तार असते, पडदा असतो, छापील अहवाल असतो. कर्करोग वा मधुमेह चित्रावरून सांगतो म्हणणाऱ्यासमोर बसलेला रुग्ण खऱ्या तपासणीस मुकतो, त्याचे मोल पैशात करता येत नाही.

दरम्यान अभियंत्यांची वाट वेगळ्या दिशेने पुढे गेली. २४० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा सूर्यप्रकाश वातावरणातील ओझोनमुळे जमिनीवर पोहोचत नाही. म्हणून केवळ याच पट्ट्यात पाहणारा कॅमेरा भर दुपारीही मनोऱ्यावरील कोरोना दाखवू शकतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी अशी उपकरणे वापरली जात आहेत. तडा गेलेले निरोधक त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तर आकाशातील विसर्जनाचे स्थान संवेदकांच्या जाळ्याने टिपण्याची व्यवस्था उभारली असून 'दामिनी' या भ्रमणध्वनी अ‍ॅपद्वारे त्याची सूचना शेतकऱ्यापर्यंत पोहोचविली जाते.

त्वचेवरील आकृती

लिख्टेनबर्ग यांची आकृती सर्वांत अनपेक्षित ठिकाणी आढळते, ती म्हणजे वीज पडलेल्या माणसाच्या अंगावर. खांद्यावर, पाठीवर वा मांडीवर नेचाच्या पानासारखी तांबूस, शाखायुक्त नक्षी काही जणांच्या त्वचेवर उमटते. एकोणिसाव्या शतकातील युरोपात ती जवळच्या झाडाचे, विजेने घेतलेले छायाचित्र समजली जाई. त्या काळी त्यासाठी स्वतंत्र शब्दही घडविला गेला. वस्तुतः ती झाडाची प्रतिमा नव्हे आणि नेहमीच्या अर्थाने भाजल्याची खूणही नव्हे. राळेवर, काचेवर आणि फिल्मवर विसर्जनाला जशा शाखा फुटतात, तशीच ही शाखायुक्त नक्षी.

तिचे महत्त्व वैद्यकीय आणि कायदेशीर आहे. शेतात एकट्याने काम करणारा माणूस निश्चेष्ट सापडला, पाहणारे कोणी नाही, अंगावर जखम नाही, अशा वेळी ही नक्षी आढळल्यास वीज पडल्याचा तो जवळजवळ निर्विवाद पुरावा समजला जातो. कुटुंबाला शासकीय साहाय्य मिळण्यासाठी पंचनामा आणि वैद्यकीय अहवाल यांत मृत्यूचे कारण स्पष्ट येणे आवश्यक असते. परंतु ही नक्षी काही तासांत उमटते आणि वाचलेल्या माणसाच्या अंगावरून साधारणतः एक-दोन दिवसांत पुसली जाते. सानगडीच्या परिसरातील बांध्यांतून असा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला, तर तेथील डॉक्टरने वा परिचारिकेने खिशातील भ्रमणध्वनीने, मोजपट्टी शेजारी ठेवून, दिनांक व वेळेसह तिचे छायाचित्र तत्काळ घेऊन ठेवावयास हवे.